पेन्सिलच्या चित्रावर शाई: पिगमेंट लायनर की टेक्निकल पेन?

पेन्सिलचं चित्र पुरं झालं आहे, आता त्यावर शाई चढवायची आहे आणि समोर दोन प्रकारची पेनं आहेत. एक म्हणजे तंतूच्या टोकाचा, संपला की टाकून द्यायचा पिगमेंट लायनर: साकुराचा पिग्मा मायक्रॉन, स्टेडलरचा पिगमेंट लायनर, युनिपिन, फेबर-कॅस्टेलचा एको पिगमेंट. दुसरं म्हणजे पोलादी नळीच्या टोकाचं, शाई भरून वर्षानुवर्षं वापरायचं टेक्निकल पेन. आपल्याकडे आर्किटेक्ट आणि ड्राफ्ट्समन मंडळींमुळे त्याला सरसकट रोटरिंग म्हणायची सवय आहे. दोन्हींची शाई काळीभोर, वाळल्यावर पाण्याने न पसरणारी, उजेडात टिकणारी. कोऱ्या कागदावर रेघ ओढून पाहिली तर डावं-उजवं करणं अवघड जातं, आणि बहुतेक तुलना तिथेच थांबतात. इथे खाली ग्राफाइट आहे आणि शेवटी सगळ्यावरून खोडरबर फिरणार आहे असं धरून लिहितो आहे. माझ्या मते निवड त्या शेवटच्या पायरीवरच ठरते.

टाक आणि दौतीचा विचार यात केलेला नाही. दाब बदलून जाड-बारीक होणारी रेघ हवी असेल तर टाकच घ्यावा, हे दोन्ही पर्याय त्याची जागा घेत नाहीत.

लायनरची रेघ ताजी असताना दाट दिसते. वाळल्यावर खोडरबर फिरवला की पेन्सिल निघते, पण तिच्याबरोबर रेघेचा काळेपणाही थोडा जातो. काळ्याचं गडद राखाडी होतं. सगळीकडे सारखंच झालं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण पेन्सिल जिथे दाट होती तिथे रेघ जास्त उतरते, हलकी होती तिथे कमी, आणि शाई जिथे थेट कोऱ्या कागदावर पडली तिथे जवळपास नाहीच. वाड्याच्या दर्शनी भागाचं चित्र असेल तर जिथे पेन्सिल दोन-तीनदा फिरवून तुळईचा कोन नक्की केला होता, नेमकी ती महत्त्वाची रेघ धुरकट होते आणि सहज ओढलेल्या गवताच्या काड्या काळ्या राहतात. चित्रातला भर उलटा होतो. हॅचिंगमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी रेघा ओढून छाया भरताना, हे अधिकच खटकतं, कारण तिथे छटा रेघांच्या दाटीवर बेतलेली असते आणि मधल्या पाच-सहा रेघा फिक्या पडल्या की छायेत डाग दिसतो.

कारण समजून घेतलं तर उपायही सुचतात. लायनरची शाई म्हणजे पाण्यात विखुरलेले अतिसूक्ष्म रंगकण. तंतूच्या टोकातून ती बेताने झिरपते, त्यामुळे कागदावर थर पातळ पडतो. कोऱ्या कागदावर हे कण कागदाच्या तंतूंमध्ये शिरून अडकतात. ग्राफाइट मात्र गुळगुळीत आणि पाण्याला फारसं जवळ न करणारं. त्याचा थर मध्ये आला की शाईचा काही भाग कागदापर्यंत पोचतच नाही, ग्राफाइटच्या पाठीवरच वाळतो. खोडरबर ग्राफाइट उचलतो तेव्हा पाठीवरची शाईही उचलली जाते. म्हणून कितीही वेळ वाळू दिलं तरी हा दोष कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

लायनरच्या वेष्टनावर ‘आर्काइव्हल’ लिहिलेलं असतं, त्या हमीचा घासण्याशी संबंध नाही. ती हमी उजेडाची, पाण्याची आणि शाई आम्लरहित असल्याची असते. साकुराने 1982 मध्ये पिग्मा शाई आणली ती विरघळणाऱ्या रंगाऐवजी रंगकण वापरून, शाई पाण्याने फुटू नये आणि उजेडाने उडू नये म्हणून. त्या कामात ती चोख आहे. खोडरबराखाली रेघ किती टिकेल याबद्दल वेष्टन काहीच सांगत नाही, आणि पेन्सिलवर काम करणाऱ्याला तीच गोष्ट आधी कळायला हवी.

टेक्निकल पेनात शाई नळीतून ओलीच्या ओली उतरते. रेघ कागदावर क्षणभर चमकताना दिसते, म्हणजे थर जाड आहे. या पेनांची ड्रॉइंग इंकही दाट असते. खोडरबरानंतर ही रेघही किंचित उतरते, अजिबात नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण माझ्या डोळ्याला 0.35 मिमी आणि त्यापुढची रेघ आधी होती तशीच वाटते. 0.18 च्या आसपास आणि त्याखाली मात्र दोन्ही पेनांतला फरक बराच कमी होतो. ज्याचा पेन्सिलवरचा हात मुळात हलका आहे त्याला कदाचित हे सगळंच अतिशयोक्त वाटेल.

स्वतः पाहायचं असेल तर ज्या कागदावर काम करणार त्याचीच एक पट्टी घ्या. HB पेन्सिलने तीन पट्टे भरा: हलका, मध्यम, दाट. तिन्हींना छेदून दोन्ही पेनांच्या सारख्या जाडीच्या रेघा ओढा आणि त्या पट्ट्यांच्या बाहेर कोऱ्या कागदावरही जाऊ द्या. अर्ध्या तासाने फक्त उजवी बाजू खोडा. दाट पट्ट्यावरची रेघ आणि बाहेरची रेघ शेजारी-शेजारी पाहिली की वेगळं मोजमाप लागत नाही. कागद बदलला की निकाल बदलतो, म्हणून दुसऱ्याची पट्टी पाहून पेन घेऊ नका.

लायनरच वापरायचा असेल तर नुकसान बरंच आवरता येतं. पेन्सिल HB किंवा H, हात हलका. 2H किंवा 4H घेतली की ग्राफाइट कमी पडेल हा हिशेब अर्धाच खरा आहे. कठीण पेन्सिल दाबली गेली तर कागदात चर पडते, लायनरचं टोक त्या चरीत घसरतं आणि चरीतलं ग्राफाइट शेवटपर्यंत निघत नाही. सगळ्यात जास्त गुण येतो तो शाई चढवण्याआधी पेन्सिल उतरवण्याने. मळता येणाऱ्या करड्या नीडेबल इरेझरचा रूळ करून चित्रावरून न घासता लाटायचा, दोन-तीन फेऱ्या, रेघ जेमतेम दिसेल इतकी फिकी होईपर्यंत. मग शाई. मग थांबायचं. बोटाला कोरडी लागणारी रेघ खोडायला तयार असतेच असं नाही, निदान अर्धा तास द्यावा आणि जमल्यास रात्रभर. शेवटी पांढरा मऊ व्हिनाइल खोडरबर एकाच दिशेने, कागद दुसऱ्या हाताने धरून. शाई खोडायचा वाळूमिश्रित कडक खोडरबर चित्राच्या जवळही आणू नये, तो कागदाची वरची कातडीच काढतो.

यातूनही उतरलेल्या रेघेवर पुन्हा लायनर फिरवणं हा उपाय दिसतो तितका निर्दोष नाही. रेघेवर रेघ तंतोतंत बसत नाही, 0.2 ची जागा 0.3 घेते आणि चेहऱ्यासारख्या नाजूक ठिकाणी ते लगेच कळतं.

एक वाट मात्र हा प्रश्न मुळातूनच सोडवते: लाइट टेबल, म्हणजे खालून उजेड येणारं टेबल. पेन्सिलचं चित्र खाली, वर कोरा कागद, शाई फक्त वरच्यावर. दीडशे जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम, कागदाच्या वजनाचं माप) आसपासच्या कागदातून खालची रेघ पुरेशी दिसते. खोडायचंच नसेल तर लायनरविरुद्धची माझी मुख्य तक्रार संपते आणि खाली लिहिलेली त्याची सोय वरचढ ठरते. निळ्या पेन्सिलीवर शाई करून स्कॅन केल्यावर निळा रंग वगळणाऱ्यांनाही हेच लागू. फक्त निळ्या रंगीत पेन्सिलीत मेण असतं, ती दाबून ओढली तर शाई मध्ये-मध्ये तुटते.

टोकाचं बोलायचं तर लायनरचं टोक म्हणजे धातूच्या बारीक नळीतून जेमतेम बाहेर आलेली तंतूची कांडी. दाब दिला की ती आत सरकते किंवा कडेला झिजते. मायक्रॉनच्या 005 सारख्या बारीक टोकाचं आयुष्य बहुधा शाईआधीच संपतं. पेन तिरकं धरलं तर एकाच बाजूची कड झिजते, मग रेघ एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला खरखरीत येते. खडबडीत कोल्ड-प्रेस कागद किंवा हातकागद लायनरला फार लवकर संपवतो. गुळगुळीत कार्ट्रिज, आयव्हरी किंवा ब्रिस्टल कागदावर तोच लायनर कितीतरी जास्त चालतो. ठिपक्यांचं काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. टोक कागदावर आपटून ठिपके देण्याची सवय असेल तर लायनरचा ठिपका चित्र संपेपर्यंत आकाराने मोठा झालेला असतो. कॉपिकच्या मल्टिलायनर एसपीमध्ये टोक आणि शाईची नळी दोन्ही बदलता येतात, तो चांगला मधला मार्ग आहे. पण शाईचा थर लायनरचाच, त्यामुळे खोडरबराचा प्रश्न तिथेही उरतो.

टेक्निकल पेनाची नळी कागदावर झिजत नाही म्हटलं तरी चालेल. पहिल्या दिवशी 0.25 तर अनेक वर्षांनी 0.25. इथे आकड्यांचाही एक फायदा आहे. मायक्रॉनवरचा 01 म्हणजे 0.1 मिमी नव्हे, 0.25 मिमी; 005 म्हणजे 0.20 आणि 05 म्हणजे 0.45. एका कंपनीचा लायनर संपल्यावर दुसरीचा ‘तोच नंबर’ आणला की चित्राच्या उरलेल्या भागात रेघ बदलते. टेक्निकल पेनावरचा आकडा थेट रेघेची जाडी सांगतो आणि ड्राफ्टिंगच्या मालिकेत रंगही ठरलेले असतात: 0.25 पांढरा, 0.35 पिवळा, 0.5 तपकिरी, 0.7 निळा. ही मालिका प्रत्येक पायरीला साधारण 1.4 पटीने वाढते. त्यामुळे ए-3 वर 0.5 ने काढलेली रेघ ए-4 वर छोटी करून छापली की बरोबर 0.35 ची दिसते. दिवाळी अंकासाठी किंवा पुस्तकासाठी मोठ्या आकारात चित्र काढून ते छोटं छापणाऱ्यांना जाडीचा अंदाज आधीच बांधता येतो.

आता टेक्निकल पेनाचे हट्ट. ते जवळजवळ उभं धरावं लागतं, नळीचं तोंड कागदावर सपाट बसलं तरच रेघ अखंड येते. लेखणीसारखं तिरकं धरलं तर नळीची कड कागद ओरबाडते आणि रेघ अर्धी उमटते. वेगही कमी ठेवावा लागतो, झर्रकन ओढलेली रेघ मध्येच पांढरी पडते. ज्यांची रेघ मनगटाच्या झटक्यातून येते त्यांना हे पेन पायात बेडी घातल्यासारखं वाटेल, आणि त्यांनी लायनर सोडू नये असंच मी म्हणेन.

तुंबणं ही त्याची प्रसिद्ध खोड. नळीच्या आत एक बारीक तार असते, तिच्या मागे छोटं वजन. पेन आडवं धरून हलकेच हलवलं की टक-टक आवाज येतो, म्हणजे तार मोकळी आहे आणि तोंड साफ करते आहे. आवाज नाही म्हणजे शाई आत वाळली. पेन्सिलच्या चित्रावर आणखी एक कारण जमेला येतं: ग्राफाइटची आणि खोडरबराची पूड नळीच्या तोंडात जाते. म्हणून शाईआधी चित्र मऊ ब्रशने झाडून घ्यायचं. हाताने पुसायचं नाही, हाताचा तेलकटपणा कागदाला लागतो आणि तिथे शाई नीट धरत नाही. शेजारी टिश्यू ठेवून दर काही मिनिटांनी टोक टिपायचं, आणि थांबलात की झाकण लावायचं. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात उघडं टोक बोलता-बोलता वाळतं. या बाबतीत लायनर फार मोकळा आहे. स्टेडलर तर त्यांचा लायनर 18 तास उघडा राहिला तरी चालतो असं सांगते.

तुंबलेलं पेन साफ करताना टोकाचा भाग पेनापासून सोडवा आणि कोमट पाण्यात बुडवून ठेवा. गरम पाणी नको, प्लास्टिकचे आटे वाकडे होतात. पाणी काळं झालं की बदला, स्वच्छ येईपर्यंत. हट्टी शाईसाठी टेक्निकल पेनांसाठीचं क्लीनिंग फ्लुइड किंवा भांड्यांच्या लिक्विडचा थेंब घालून रात्रभर ठेवा. आतली तार ओढून काढायचा मोह टाळा. 0.25 आणि त्याखालच्या टोकांतली तार केसाइतकी बारीक असते, एकदा वाकली की परत नळीत जात नाही आणि नवं टोक घेण्याचा खर्च जवळपास नव्या पेनाइतका येतो. साफ झाल्यावर टोक पूर्ण वाळवूनच शाई भरा, नाहीतर पहिल्या काही रेघा पाणचट येतात आणि दोष शाईला दिला जातो.

शाई टेक्निकल पेनासाठी बनवलेलीच भरायची. दुकानात मिळणाऱ्या अनेक वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक टाकासाठी आणि ब्रशसाठी असतात, त्यात लाख असते. ती नळीत वाळली की पाण्याने सुटत नाही. रोटरिंगची शाई 23 मिलीच्या बाटलीत येते आणि रेघांच्या कामात ती इतकी हळू संपते की खर्चाचा विचार मनातून जातो. रोटरिंगच्याच आयसोग्राफ पेनात बाटलीतून शाई भरता येते, रॅपिडोग्राफ पेनाला शाईची तयार कार्ट्रिज लागते. क्वचित वापर असेल तर कार्ट्रिज सोयीची, नेहमीच्या कामाला बाटली.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. टाकीत शाई थोडी आणि हवा जास्त असली की हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि टोकाशी थेंब जमतो. चित्र संपत आलेलं असताना डाग पडतो तो बऱ्याचदा यामुळे. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नये. विमानप्रवासात पेन रिकामं करून न्यावं, किंवा काठोकाठ भरून टोक वर करून. एरवीही ठेवताना टोक वरच.

पावसाळ्यात दोन्ही पेनांची परीक्षा होते आणि इथे टेक्निकल पेन मागे पडतं. जुलैत कोकण-गोव्याकडे कागद हवेतली ओल पितो, मऊ पडतो. लायनरची पातळ रेघ तरीही लवकर वाळते. टेक्निकल पेनाची 0.5 ची ओली रेघ मिनिटभरानेही तळहाताला लागू शकते, आणि डावखुऱ्या माणसाला तर वर्षभर याची काळजी घ्यावी लागते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवावा, हाताखाली कोरा कागद घ्यावा, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली काम करत यावं, डावखुऱ्यांनी वरच्या उजव्या. पट्टीने रेघ ओढताना पट्टीच्या खालच्या बाजूला मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावून ती कागदापासून थोडी उचललेली ठेवावी, नाहीतर ओली शाई पट्टीखाली पळते.

नंतर रंग द्यायचा असेल तर जलरंगाखाली दोन्ही शाया ठीक, फक्त पूर्ण वाळू द्या. अल्कोहोल मार्करचं काम असेल तर पाण्याधारित पिगमेंट लायनर जास्त भरवशाचा. ड्रॉइंग इंकचा बाइंडर (रंगकण धरून ठेवणारा घटक) काही वेळा अल्कोहोलने सुटतो, म्हणून आधी कोपऱ्यात पाहून घ्यावं.

पैशांचं थोडक्यात सांगता येईल. एका टेक्निकल पेनाच्या किमतीत साधारण आठ-दहा लायनर येतात. महिन्यातून एखादं चित्र काढणाऱ्याला ते वसूल व्हायला फार काळ लागेल, आणि न वापरता ठेवलेलं टेक्निकल पेन हमखास तुंबतं. त्याच्यासाठी लायनर, नीडेबल इरेझर आणि जमलं तर लाइट टेबल हेच शहाणपणाचं. बाहेर बसून घाटांची, बाजाराची झटपट रेखाटनं करणाऱ्यालाही लायनरच.

पण टेबलावर बसून, पेन्सिलने नीट रचना करून, त्याच कागदावर शाई चढवून तोच कागद मूळ चित्र म्हणून ठेवायचा किंवा विकायचा असेल, तर माझा कल टेक्निकल पेनाकडे आहे. धुण्याची कटकट चित्राच्या आधी किंवा नंतर होते, चित्र त्यातून सुटतं. खोडरबराने उतरलेली रेघ चित्रात कायमची राहते.

सुरुवात करायची तर पूर्ण संच घेऊ नका. संचातली 0.1 आणि 0.13 ची टोकं सगळ्यात आधी तुंबतात आणि सगळ्यात कमी लागतात. 0.35 आणि 0.5 अशी दोन पेनं घ्या, बाह्यरेषा आणि मुख्य हॅचिंग त्यांनी करा. अगदी बारीक कामाला 0.2 चा एखादा लायनर हाताशी ठेवा आणि ते बारीक काम चित्र खोडून झाल्यावर, स्वच्छ कागदावर करा. तिथे खाली ग्राफाइट नसल्यामुळे त्याची रेघही काळीच राहते. पहिल्यांदा शाई भरल्यावर टोकाशी शाई यायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात पेन जोरात झटकू नका, आडवं धरून टक-टक आवाज ऐकत हलवत राहा.